सोलापुरात नगरसेवकपदाची तयारी: अर्ज भरायच्या आधीची कामं

१५ जानेवारी २०२६ ला सोलापूर महापालिकेचं मतदान झालं आणि जवळपास चार वर्षांची प्रशासक राजवट संपली. आता पुढची निवडणूक पाच वर्षांनी. बिडी वळणाऱ्या बायका, यंत्रमागावरचे कामगार, सेटलमेंट या जुन्या वसाहतीतली भटकी-विमुक्त कुटुंबं, सफाई कामगारांच्या चाळी, हद्दवाढ भागातल्या गुंठेवारीतले लोक यांच्यातून कुणाला उभं राहायचं असेल, तर तयारी आता सुरू करायला हवी. हे वाचून बऱ्याच जणांना घाई वाटेल. पण निवडणुकीचा कार्यक्रम एकदा बघा. १५ डिसेंबरला घोषणा, २३ ते ३० डिसेंबर अर्ज, ३१ ला छाननी, २ जानेवारी माघार, ३ ला चिन्हवाटप, १३ ला संध्याकाळी प्रचार बंद. अपक्ष उमेदवाराला स्वतःचं चिन्ह कळल्यापासून हातात जेमतेम दहा दिवस. ज्याच्याकडे पैसा आणि पक्षाची यंत्रणा आहे त्याला दहा दिवस पुरतात. बाकीच्यांना वर्षं लागतात, आणि ती वर्षं कशावर घालवायची हे ठरवणं म्हणजेच तयारी.

आधी गणित. सोलापुरात १०२ जागा आणि २६ प्रभाग. त्यातले २४ प्रभाग चार सदस्यांचे, २ प्रभाग तीन सदस्यांचे. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साडेनऊ लाख, म्हणजे एका जागेमागे सुमारे ९,३०० माणसं आणि चार जणांच्या प्रभागात ३७,००० च्या आसपास. जुन्या एकसदस्यीय वॉर्डात एक मोठी झोपडपट्टी किंवा एखादी पेठ स्वतःच्या जोरावर माणूस निवडून आणू शकायची. आता ते होत नाही, आणि बहुतेक वस्त्यांचा हिशोब इथेच चुकतो.

समजा प्रभागात ३०,००० मतदार आहेत आणि ५५ टक्के मतदान झालं. म्हणजे तुमच्या जागेवर १६,५०० मतं पडणार. चौरंगी लढत असेल तर निवडून यायला सहा-सात हजार मतं लागतील. तुमच्या वस्तीत ४,००० मतदार आहेत, त्यातले ६० टक्के बाहेर पडले आणि त्यातल्या ८० टक्क्यांनी तुम्हालाच मत दिलं, तरी आकडा १,९२० वर थांबतो. उरलेली चार-पाच हजार मतं वस्तीबाहेरून आणावी लागतात. शिवाय प्रत्येक मतदाराला अ, ब, क, ड अशी चार स्वतंत्र मतं असतात आणि प्रत्येक जागेला एकच. वस्तीने ठरवलं म्हणून चारही मतं एका माणसाला देता येत नाहीत. म्हणून ‘आपला समाज आपल्या पाठीशी आहे’ या भरवशावर उभं राहणाऱ्याची अनामत जाते. समाज पाठीशी असतोच, पण तेवढ्याने आकडा भरत नाही.

त्यातून निघणारं पहिलं काम: प्रभागातल्या बाकीच्या तीन-चार वस्त्यांमध्ये असा प्रश्न शोधा की तो तुमच्याही वस्तीचा आहे. सोलापुरात तो शोधायला लांब जावं लागत नाही. उजनी धरण भरलेलं असताना काही दिवसांआड नळाला पाणी येतं, आणि येतं तेव्हा रात्री-अपरात्री. पद्मशाली घरातली बाई असो, मोमीन घरातली असो की मातंग वस्तीतली, ती बॅरल भरायला उठतेच. पाण्याची वेळ, व्हॉल्व्ह कुठे आहे, चावीवाला कोणत्या गल्लीला किती मिनिटं सोडतो, टेल-एंडच्या, म्हणजे पाइपलाइनच्या शेवटच्या घरांना दाब का मिळत नाही, याची सहा महिन्यांची नोंद एका वहीत ठेवा: तारीख, सुरू झाल्याची वेळ, बंद झाल्याची वेळ, गल्ली. अशी वही घेऊन झोन कार्यालयात गेलेल्या माणसाला अधिकारी टाळू शकत नाही, आणि शेजारच्या वस्तीतही त्याची ओळख ‘अमक्या समाजाचा’ अशी न होता ‘पाण्याची वही ठेवणारा’ अशी होते.

मतदार यादी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. महापालिकेची वेगळी मतदार यादी नसते. विधानसभेची यादी घेऊन ती प्रभागांत तोडतात. आपल्या शहरातली नावं मुख्यत्वे शहर उत्तर, शहर मध्य आणि दक्षिण सोलापूर या तीन मतदारसंघांच्या याद्यांत आहेत. २०२६ च्या निवडणुकीला १ जुलै २०२५ ची विधानसभा यादी घेतली होती. म्हणजे नोव्हेंबरात प्रारूप यादीवर हरकती मागवल्या तेव्हा ‘माझं नावच नाही’ असं सांगून उपयोग नव्हता. त्या टप्प्यावर प्रभाग चुकला असेल किंवा लेखनिकाची चूक असेल तर दुरुस्ती होते, नवीन नाव चढत नाही. नवीन नावासाठी नमुना ६, पत्ता बदल आणि दुरुस्तीसाठी नमुना ८, मयत किंवा स्थलांतरित नाव काढण्यासाठी नमुना ७, हे सगळं विधानसभेच्या यंत्रणेकडे, बीएलओ म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यामार्फत किंवा ऑनलाइन, आधीच करून ठेवावं लागतं. आता वर्षातून चार अर्हता दिनांक आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. अठरा पूर्ण झालेल्या पोरांसाठी वर्षभर थांबायची गरज नाही.

यादीचं एक पान घेऊन बसा, म्हणजे काय चुकतं ते दिसेल. अशोक चौक किंवा दत्त नगरच्या बाजूला तेलुगू आडनावं मराठीत लिहिताना तीन-तीन प्रकारे येतात. येमूल, यमुल, एमुल ही एकाच घरातल्या बाप, लेक आणि सुनेची आडनावं म्हणून छापलेली असतात. घर क्रमांकाच्या रकान्यात आडवी रेघ किंवा शून्य. माहेरच्या नावाने एक नोंद आणि सासरच्या नावाने दुसरी. नवरा एका भागात, बायको दुसऱ्या भागात, केंद्रं दोन किलोमीटर लांब. मतदानाच्या दिवशी अशी बाई पहिल्या केंद्रावर नाव सापडलं नाही की घरी परत जाते. तिला हजार बिड्यांचं काम पुरं करायचं असतं, पान भिजवून ठेवलेलं असतं. दुसरं केंद्र शोधायला तिच्याकडे वेळ नाही.

म्हणून यादी घेऊन घरोघर जा. दोघांची जोडी, एकाच्या हातात यादी, दुसऱ्याच्या हातात वही. ‘अक्का, तुमच्या घरातली नावं यादीत बरोबर आहेत का, बघू या का?’ एवढं म्हटलं की दार उघडतं. मतं मागायला आलेल्यासाठी ते इतकं सहज उघडत नाही. बिडी कामगार बाई सकाळी माल द्यायला कारखान्यात गेलेली असते, दुपारी घरी भेटते. यंत्रमागावरचा माणूस पाळी बघून गाठावा लागतो, झोपेत असलेल्याला उठवू नका. नोकरदार कॉलनीत फक्त रविवार.

वेळेचा अंदाज असा: एका घराला चार मिनिटं धरली तर एक जोडी एका बैठकीत चाळीस घरं करते. प्रभागात साधारण ७,५०० घरं. म्हणजे १८८ बैठका. शनिवार-रविवार दोन जोड्या गेल्या तरी सत्तेचाळीस आठवडे, जवळपास वर्ष. हेच काम प्रचाराच्या दहा दिवसांत करायचं म्हटलं तर रोज एकोणीस जोड्या, अडतीस माणसं लागतील. एवढी माणसं फुकट कुणाकडे नसतात. वर्षभर दोन जोड्या मात्र कुठल्याही वस्तीत निघतात.

एक गोष्ट सोलापूरची खास. कुंभारीजवळच्या रे नगरात ३०,००० घरांची वसाहत असंघटित कामगारांसाठी उभी राहतेय. जानेवारी २०२४ मध्ये त्यातली १५,००० घरं लोकांच्या ताब्यात देण्यात आली. तिथे गेलेली कुटुंबं शहराच्या पूर्व भागातलीच, बिडी आणि यंत्रमागातली. कुंभारी महापालिका हद्दीबाहेर आहे. तिकडे राहायला गेलेल्या मतदाराचं नाव शहराच्या यादीत राहिलं, तर विरोधक नमुना ७ भरून ते काढायला लावू शकतात. आणि ज्याने खरंच मुक्काम हलवला त्याने नाव हलवायलाच हवं, दोन ठिकाणी नाव ठेवणं गुन्हा आहे. तेव्हा ‘आपली’ म्हणून मोजलेल्या मतांतली किती प्रत्यक्षात गेली, हे घराघरांत विचारून आकडा खाली आणा. मोठा आकडा धरून उभं राहण्यापेक्षा खरा आकडा धरून न उभं राहणं परवडतं.

जातीचे कागद

राखीव जागेवर उभं राहायचं तर जात प्रमाणपत्र आणि जात वैधता प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलं प्रांत कार्यालयातून मिळतं, दुसरं जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडून. अनुसूचित जमातींची समिती वेगळी असते. वैधता हातात नसेल तर पडताळणीचा अर्ज दाखल केल्याची पोच जोडून आणि मुदतीत वैधता देण्याचं हमीपत्र देऊन अर्ज भरता येतो. ती मुदत कायद्यात वेळोवेळी बदलली आहे, त्या-त्या वेळी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडून लेखी घ्या. मुदत चुकली तर निवडून आलेला माणूसही घरी जातो आणि त्या जागी पोटनिवडणूक लागते. राज्यात असं पुष्कळ नगरसेवकांचं झालं आहे.

११ नोव्हेंबर २०२५ ला आरक्षण सोडत निघाली आणि २३ डिसेंबरला अर्ज सुरू झाले. मध्ये सहा आठवडे. सहा आठवड्यांत आजोबांची कागदपत्रं निघत नाहीत, दक्षता पथकाची चौकशी होत नाही. आणि सोडतीत तुमच्या प्रभागात कोणती जागा कुणाला जाईल हे आधी कळत नाही. म्हणून जागा राखीव होवो न होवो, वैधता आत्ताच काढून ठेवायची.

पुरावा लागतो तो ठरावीक तारखेआधीचा. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागास आणि विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्या तारखेला तुमचे पूर्वज महाराष्ट्रात राहत होते आणि त्यांची जात ती होती, हे दोन्ही दाखवायचं. सोलापुरात हे दोन्ही अवघड जातं, कारण निम्मं शहर बाहेरून गिरणीत काम करायला आलेलं. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबात आजोबा १९६७ आधी इथे होते हे घरात सगळ्यांना माहीत असतं, कागद मात्र गावाकडे असतो. इथला कागद शोधायच्या जागा अशा: आजोबांच्या किंवा चुलत आजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, नगरपालिका काळातली जन्म-मृत्यूची नोंद, जुन्या मिलचा, लक्ष्मी-विष्णूचा किंवा नरसिंग गिरजीचा सेवेचा कागद, जुन्या घराचा कर उतारा. मिलच्या कागदाने राहण्याचा पुरावा होतो, जात बहुधा शाळेच्या उताऱ्यातूनच दाखवावी लागते. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाची वैधता झालेली असेल तर ती सगळ्यात बळकट. काका, चुलत भाऊ, आत्या यांना आधी विचारा.

सेटलमेंटमधल्या कुटुंबांची अडचण वेगळी. गुन्हेगार जमातींचा कायदा गेला आणि ३१ ऑगस्ट १९५२ ला या जमाती विमुक्त झाल्या, पण शाळेत नाव घालताना मास्तरांनी जातीच्या जागी जे ऐकू आलं ते लिहिलं. एका भावाच्या दाखल्यावर पोटजात, दुसऱ्याच्या दाखल्यावर नुसतं ‘हिंदू’. वसाहतीची जुनी रजिस्टरं, तिथल्या शाळेची पहिली पानं इथे कामाला येतात. भटके-विमुक्त असलेल्यांनी हेही लक्षात ठेवा की नोकरी-शिक्षणात तुमचा प्रवर्ग वेगळा असला तरी स्थानिक निवडणुकीत तुम्ही ‘नागरिकांचा मागास प्रवर्ग’ यात मोडता. महापालिकेत त्या प्रवर्गाला २७ टक्के जागा आहेत, म्हणजे १०२ पैकी २७. त्या जागांवर भटक्या-विमुक्तांचा हक्क आहे हे खुद्द त्यांच्यातल्याच अनेकांना माहीत नसतं, आणि पक्षही ते सांगायला येत नाहीत.

बायकांच्या बाबतीत एक चूक दर निवडणुकीत होते. लग्नाने जात बदलत नाही. प्रमाणपत्र आणि वैधता माहेरच्या, वडिलांच्या कागदांवर निघते. सोलापुरात सुना इंडी, विजयपूर, कलबुर्गीकडून येतात, तेलंगणातून येतात. वडिलांचं कुटुंब कर्नाटकातलं असेल तर तिथली जात इथल्या आरक्षणाला चालत नाही, नवरा इथला त्याच जातीचा असला तरी. अशा बाईला ‘सर्वसाधारण महिला’ जागेवर उभं राहायला काहीच अडकाठी नाही. तिथेच भरा. राखीव जागेवर भरून छाननीत अर्ज उडवून घेऊ नका. माहेरच्या आणि सासरच्या नावांतला फरक राजपत्राने किंवा विवाह नोंदणी दाखल्याने जोडून घ्या.

अर्ज बाद कुठे होतो

वय २१ पूर्ण हवं आणि शहराच्या मतदार यादीत नाव हवं. स्वतःचं नाव दुसऱ्या प्रभागात असलं तरी चालतं, मात्र सूचक त्याच प्रभागाचा मतदार हवा. सूचकाचा यादीतला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक जुन्या यादीवरून लिहिला जातो आणि तिथे अर्ज अडकतो. शेवटच्या, प्रसिद्ध झालेल्या प्रभागनिहाय यादीवरूनच आकडे घ्या.

तिसरं अपत्य १२ सप्टेंबर २००१ नंतर झालेलं असेल तर माणूस अपात्र. मूल दत्तक दिलं म्हणून सुटका होत नाही. कष्टकरी वस्त्यांत हाच नियम सगळ्यात जास्त बायकांना घरी बसवतो. मुलं किती व्हावीत हा निर्णय तिचा नसतो, आणि अपात्र मात्र ती ठरते. पण कायदा आहे तोवर उमेदवार ठरवतानाच जन्मदाखले समोर ठेवून बघा. लपवलेलं मूल शाळेच्या पटावर सापडतं आणि निवडून आल्यावरही पद जातं.

महापालिकेच्या आस्थापनेवर पगार घेणारा सफाई कामगार नोकरी सोडल्याशिवाय उभा राहू शकत नाही. त्याची बायको किंवा मुलगी राहू शकते. महापालिकेशी ठेका असेल, त्यात भागीदारी असेल तरी अपात्रता येते, तेव्हा बचत गटाच्या नावावर काही काम घेतलेलं असेल तर करारावर कुणाची सही आहे ते तपासा. मिळकत कर आणि पाणीपट्टीची थकबाकी भरून ना-देय दाखला घ्या. कायद्याने विशेष नोटीस दिल्यावर तीन महिन्यांत न भरल्यास अपात्रता येते, त्यामुळे नुसत्या थकबाकीवर अर्ज उडू नये. पण छाननीच्या टेबलावर वाद घालत बसण्यापेक्षा पावती दाखवणं सोपं. नगरसेवकाने, त्याच्या जोडीदाराने किंवा त्याच्यावर अवलंबून असलेल्याने बेकायदा बांधकाम केलं तर पद जातं, हेही झोपडपट्टीतल्या आणि गुंठेवारीतल्या उमेदवाराने आधी वकिलाला विचारून घ्यावं. विरोधक तेच शोधत असतात. घरात शौचालय नसेल तर सार्वजनिक शौचालय वापरत असल्याचा कागदही वेळेत करून ठेवा.

शपथपत्रात एकही रकाना कोरा नको. जमीन नाही? ‘निरंक’ लिहा. गुन्हा नाही? ‘निरंक’. आंदोलनात पकडलं होतं, केस निकाली निघाली की चालू आहे हे आठवत नाही? पोलिस ठाण्यातून आणि न्यायालयातून लेखी माहिती घ्या. बिडी कामगारांच्या किंवा पाण्याच्या मोर्चात नाव आलेल्या कार्यकर्त्यांवर जुन्या केसेस असतातच. केस असणं ही अपात्रता नाही, लपवणं महागात पडतं.

अनामत राखीव प्रवर्गाला निम्मी असते, तेवढ्यासाठी जात प्रमाणपत्र जोडा. पक्षाच्या एबी फॉर्मची, म्हणजे अधिकृत उमेदवारीच्या पत्राची वाट बघत शेवटच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत ताटकळू नका. आधीच्या दिवशी एक अपक्ष अर्ज पूर्ण कागदपत्रांसह भरून ठेवा. पक्षाने ऐनवेळी दुसऱ्याला फॉर्म दिला तरी मैदानात राहता येतं. ही सावधगिरी वंचित घटकांतल्या उमेदवाराने तर घ्यायलाच हवी, कारण ऐनवेळी कापलं जाणारं नाव बहुतेकदा त्याचंच असतं.

पॅनेल, पैसा, प्रचार

चार जागांच्या प्रभागात एकट्याने उभं राहणं फार जड जातं. चार वस्त्यांचे चार उमेदवार मिळून पॅनेल केलं तर प्रत्येकाची हजार-दीड हजार हक्काची मतं बाकी तिघांना मिळतात. पण अपक्षांना एकच चिन्ह मिळेल याची खात्री नसते, चौघांची चार चिन्हं होतात आणि मतदार गोंधळतो. नोंदणीकृत पक्षाची किंवा आघाडीची छत्री घेतली तर हे टळतं, तिची बोलणी मात्र वर्षभर आधी व्हायला हवीत. २०१७ च्या सभागृहात भाजपचे ४९, शिवसेनेचे २१, काँग्रेसचे १४, एमआयएमचे ९, राष्ट्रवादीचे ४, बसपाचे ४ आणि माकपचा १ असे सदस्य होते. छोट्या पक्षाला सोलापुरात जागा मिळते, जिथे त्याचं वर्षानुवर्षांचं काम आहे तिथे.

जागा निवडताना केवळ राखीव जागेकडे बघू नका. अनुसूचित जातीची बाई सर्वसाधारण जागेवरही लढू शकते. निम्म्या जागा, म्हणजे ५१, महिलांच्या आहेत. उरलेल्या ५१ पुरुषांसाठी राखीव आहेत असं कायद्यात कुठेही नाही.

खर्चाची मर्यादा सोलापूरसाठी ९ लाख रुपये ठरली होती, ‘ड’ वर्ग महापालिका म्हणून. वस्तीतल्या उमेदवाराचा एवढा खर्च होतही नाही, अडचण हिशोबाची असते. निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं काढा, अर्ज भरायच्या आधी. रोजचा खर्च रोज लिहा. चहा, वडापाव, रिक्षा, मांडव, खुर्च्या या सगळ्याचं दरपत्रक प्रशासन जाहीर करतं आणि मंडळाने फुकट दिलेला मांडवही त्या दराने तुमच्या खर्चात धरला जातो. पत्रकावर मुद्रक, प्रकाशक आणि प्रतींची संख्या छापलेली हवी. पत्रक तीन वेळा काढायचं ठरवलं तर ७,५०० घरांना साडेबावीस हजार प्रती लागतात. त्यातला एक हप्ता तेलुगूत, काही हजार कन्नड आणि उर्दूत. तेलुगू मजकूर मराठी लिपीत छापला तर नवी पिढी वाचते, आजीला वाचून दाखवते. मजकूर दहा ओळींच्या वर नको.

मतदानाच्या आधीच्या दोन रात्री पाकिटं फिरतात. लोक त्याला लक्ष्मीदर्शन म्हणतात. त्याची बरोबरी करायला जाऊ नका, कर्ज काढून तर मुळीच नाही. त्या दोन रात्री प्रत्येक गल्लीत आपली दोन माणसं नुसती बसलेली असली, तरी फिरणाऱ्यांची पावलं अडखळतात. तक्रार करायची तर भरारी पथकाचा क्रमांक आधीच पाठ हवा, मोबाईलमध्ये वेळ-तारखेसह चित्रीकरण हवं.

आणि यंत्र शिकवा. चार जागांच्या प्रभागात मतदाराला चार बटणं दाबावी लागतात, एकेका जागेसाठी एक. एखाद्या जागेवर कुणीच नको असेल तर तिथलं ‘नोटा’ दाबायचं. चौथं बटण दाबल्यावरच यंत्राचा लांब आवाज येतो. म्हाताऱ्या बायका एक बटण दाबून, आवाज आला नाही म्हणून घाबरून बाहेर येतात. पुठ्ठ्यावर चार रंगांचे कागद चिकटवून खोटं यंत्र बनवा: अ पांढरा, ब गुलाबी, क पिवळा, ड निळा. दाराच्या उंबऱ्यावर बसून प्रत्येकीला दोनदा बोट ठेवायला लावा. विधानसभेसारखी चिठ्ठी दिसणारी पेटी इथे नसते, हेही सांगा, नाहीतर ‘माझं मत गेलंच नाही’ म्हणून गल्लीत बोभाटा होतो. मतदान साडेसातला सुरू होऊन साडेपाचला संपलं होतं. दुपारी एकपर्यंत आपल्या यादीतली कोणती नावं गेली नाहीत हे बूथवरच्या माणसाने टिकमार्क करून कळवलं पाहिजे, तरच उरलेल्यांना आणता येतं.

सभागृहात गेल्यावर

निवडून आल्यावर पहिल्या सहा महिन्यांत इंद्रभुवनातल्या, म्हणजे महापालिका मुख्यालयातल्या कागदांची सवय लावून घ्या: विषयपत्रिका, उपसूचना, इतिवृत्त, अंदाजपत्रक. पैसा कुठे जातो हे स्थायी समितीच्या सोळा जणांत ठरतं, त्या समितीत जाण्याची खटपट पहिल्या दिवसापासून करा. महिला व बालकल्याणासाठी आणि दिव्यांगांसाठी प्रत्येकी ५ टक्के निधी राखून ठेवायचा असतो. गेल्या तीन वर्षांत किती ठेवला, किती खर्च झाला, हा लेखी प्रश्न पहिल्याच सभेला टाका. नगरसेविकेच्या नावाने नवरा झोन कार्यालयात बसतो, ही पद्धत पहिल्याच आठवड्यात मोडा. अधिकाऱ्यांना लेखी कळवा की सूचना फक्त माझ्या सहीच्या आणि माझ्या फोनवरून आलेल्याच मानाव्यात. हे नंतर करायला गेलं की घरातही जड जातं आणि कार्यालयातही.

पराभव झाला तरी दोन कामं त्याच महिन्यात करायची असतात. निवडणूक याचिका करायची असेल तर मुदत दहा दिवसांची आहे, वकील निकालाच्या संध्याकाळीच गाठा. आणि खर्चाचा हिशोब तीस दिवसांत सादर करून पोच घ्या. हरलो, आता कशाला, म्हणून हिशोब न दिलेला उमेदवार तीन वर्षांसाठी अपात्र ठरू शकतो, मधे पोटनिवडणूक लागली तरी त्याला उभं राहता येत नाही. पोच फाइलला लावा. त्याच फाइलमध्ये केंद्रनिहाय मतांचा तक्ता ठेवा, प्रभागाच्या नकाशावर प्रत्येक केंद्राशेजारी आपला आकडा पेनाने लिहा, आणि जिथे शंभरच्या खाली मतं पडली त्या गल्ल्यांपासून यादीचं पुढचं वाचन सुरू करा.